बाबांच्या ऑपरेशनची भूल

ती. आई-बाबा,
सा. न.

पार्किन्सनच्या थरथरीसाठी बाबांच्या मेंदूत बारीक तार आणि छातीत तिची बॅटरी बसवायची आहे (डीबीएस ऑपरेशन). त्यात डोक्याला भोक पाडताना जागं कसं ठेवतात, हा बाबांचा प्रश्न रास्तच आहे. मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखते ती कवटीवरची कातडी. म्हणून भूलतज्ज्ञ भुवयांच्या वर, कानशिलांवर आणि मागे मानेच्या वर नसांजवळ बधिरतेची इंजेक्शनं देतात. ती चांगलीच झोंबतात, आधीच सांगते. मग डोकं स्थिर धरणाऱ्या धातूच्या चौकटीचे चार स्क्रू बसतात, तेव्हा डोकं आवळल्यासारखं होतं. ड्रिलचा आवाज कवटीत घुमतो. लागत नाही, पण माणूस दचकतो. तेवढ्यापुरती थोडी गुंगी देतात आणि नंतर उतरवतात.

कारण तार जिथे जायची ती जागा काही मिलिमीटरांचीच. तिथल्या पेशींचा आवाज यंत्रावर ऐकतात आणि गाढ भुलेत तो दबतो. मग तारेतून करंट देऊन मूठ उघड-मीट करायला लावतात, बोलायला लावतात. बाबा, जीभ जड झाली, गाल ओढला गेला, दोन-दोन दिसलं, तर त्याच क्षणी सांगा. ‘डॉक्टरांना कशाला त्रास’ म्हणून गप्प बसायचा तुमचा स्वभाव तिथे चालणार नाही.

थरथर दिसावी म्हणून सिंडोपा ही पार्किन्सनची गोळी साधारण 12 तास आधी थांबवतात, तेही पुण्यात दाखल झाल्यावर, त्यांनी सांगितलेल्या वेळी. सोलापुरातून निघताना स्वतःहून बंद करू नका, हुतात्मा एक्सप्रेसच्या पायऱ्या चढवणार नाहीत. अ‍ॅस्पिरिन मात्र बरेच दिवस आधी थांबवावी लागते. कधीपासून, ते फोनवर आत्ताच विचारा. बीपी वाढलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून वरचा आकडा बहुधा 140 च्या खाली ठेवतात. झोपेची अल्प्राझोलाम ऑपरेशनच्या आदल्या रात्री नको, तिने थरथरच दबते.

आई, रासाजिलीन या पार्किन्सनच्या गोळ्यांची पट्टी भूलतज्ज्ञांना हातात दे, पेथिडीन या वेदनाशामक इंजेक्शनशी तिचं अजिबात जमत नाही. उलटी झाली आणि कुणी पेरिनॉर्म हे उलटीचं औषध द्यायला निघालं तर अडव. त्याने कंप आणि ताठरपणा वाढतो. उलटीवर ऑनडॅन्सेट्रॉन चालतं. सहा तास आधीपासून खाणं बंद, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

छातीत बॅटरी बसवतात ती पूर्ण भुलेत, त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी. त्यानंतर सात रस्त्याला खांदा शेकायला जाता ना, तिथे यंत्र डायथर्मीचं, म्हणजे विद्युत लहरींनी आतून शेक देणारं, आहे का ते विचारा. असेल तर तो शेक कायमचा बंद. तारेचं टोक तापून मेंदूला इजा होते.

तुमची,
ताई