स्टोअर्ड प्रोसीजरचं मॉनिटरिंग लावून देणाऱ्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय, स्नोफ्लेकवर (डेटा साठवून त्यावर क्वेरी चालवायचा क्लाउड प्लॅटफॉर्म) काम करणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आमच्या रात्रीच्या डेटा लोडच्या स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्राम) सगळ्या जुन्या, आणि प्रत्येकीत शेवटी तोच प्रकार, एरर आली की एक्सेप्शन ब्लॉकमध्ये (एरर हाताळणाऱ्या कोडमध्ये) पकडायची आणि मेसेज नुसता रिटर्न करून टाकायचा, त्यामुळे क्वेरी हिस्टरीत (चाललेल्या क्वेऱ्यांच्या नोंदीत) कॉल सक्सेस, तो ठरल्या वेळी चालवणारा टास्क सक्सेस, आणि सकाळी रिपोर्ट उघडला तर कालचा डेटाच नाही, फायनान्सवाले फोनवर फोन करतायत आणि आम्हाला उत्तर काय द्यायचं तेच कळेना. तुम्ही कोड बघून पहिल्यांदा हेच म्हणालात की अलर्टचं (गडबड झाली की आपोआप मेल पाठवायचं) नंतर बघू, आधी एरर लॉग करून परत रेझ करा, म्हणजे ती बाहेर जाऊन कॉल फेल दिसू दे, प्रोसीजरनेच एरर गिळली तर अलर्टला कळणार कुठून? खरं सांगतो, अर्धं काम तिथेच झालं.

मग इव्हेंट टेबल, म्हणजे लॉग जिथे साठतात ते टेबल. प्रोसीजरमध्ये लॉगच्या ओळी टाकल्या तरी टेबल रिकामंच, कारण लॉग लेव्हल (कुठले लॉग साठवायचे ते सेटिंग) बाय डिफॉल्ट ऑफ असते, हे तुम्ही लगेच ओळखलंत. अकाउंट युसेजमधली (स्नोफ्लेक स्वतः ठेवतं त्या वापराच्या नोंदींमधली) क्वेरी हिस्टरी ४५ मिनिटांपर्यंत मागे असू शकते, त्यामुळे ती वर्षभराचा ट्रेंड बघायला मस्त, पण ताज्या फेल्युअरसाठी इन्फर्मेशन स्कीमामधलं क्वेरी हिस्टरीचंच फंक्शन वापरायचं, त्यात फक्त ७ दिवसांचं मिळतं पण तेवढं पुरतं. रूट क्वेरी आयडीवरून (मूळ कॉलच्या आयडीवरून) एका कॉलच्या पोटातल्या सगळ्या क्वेऱ्या काढून दाखवल्यात तेव्हा तर मजाच आली, पूर्ण प्रोसीजर स्लो आहे असं आम्ही धरून चाललो होतो आणि निघालं काय तर एकच मर्ज (नवा डेटा जुन्या टेबलात मिसळणारी क्वेरी), मेमरीत मावत नव्हतं म्हणून रिमोट स्टोरेजवर स्पिल होत होतं, म्हणजे डेटा तिकडे सांडत होता. ते दिसलं आणि वेअरहाऊसचा (क्वेऱ्या चालवणाऱ्या मशीनचा) साइज वाढवायची चर्चाच थांबली, मर्जची कंडिशन सुधारली.

अलर्ट बनवला की तो सस्पेंडेड असतो, रिझ्यूम करावा लागतो, आणि ईमेल फक्त व्हेरिफाय केलेल्या युजरलाच जातो, या गोष्टी डॉक्युमेंटेशनमध्ये आहेत हो, पण घाईच्या वेळी कोण एवढं वाचत बसतं. तुम्ही प्रत्येक अलर्ट लावल्यावर मुद्दाम एक प्रोसीजर फेल करायला लावलीत आणि मेल आला का ते बघूनच पुढे गेलात.

सगळ्यात जास्त आभार याचे की तुम्ही आमच्या टीमच्या नसूनही स्वतःचं काम संपवून बसलात, आणि स्क्रीन शेअरवर सगळं टाइप मलाच करायला लावलंत. त्यामुळेच इन्व्हॉइसच्या प्रोसीजरना आता मी स्वतः लॉगिंग लावायला घेतलंय, ताई. अडलो तर फोन करीनच.