कॉटवर आधी स्वतः आडवे होऊन पाहणाऱ्या कार्यकर्त्यास

मंडळातील सर्व कार्यकर्त्यांस,
सप्रेम नमस्कार.

अनामत रक्कम परत देताना, मंडळाचे नाव कुठेही छापू नये असे आपण बजावले होते, म्हणून ते या पत्रात लिहीत नाही. मात्र भवानी पेठेत आणि आसपास ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळले आहे, त्यांना मी कुणाविषयी लिहीत आहे हे सांगावे लागणार नाही. अण्णांना जाऊन आता सव्वा महिना झाला. अण्णांसाठी आपण वापरायला दिलेली कॉट परत केली त्या दिवशी आपल्याशी धड बोलताही आले नाही. तोंड उघडले की रडू फुटेल या धास्तीने मी वहीत सही करून निघून आले. तेव्हा राहिलेले आता लिहीत आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ३६ वर्षे यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे कारागीर, होते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा अडखळू लागली. रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला ‘आता सेवा करा’ एवढेच सांगण्यात आले. सेवा म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणे, सेवा म्हणजे भरवताना पाठ आणि डोके उंच ठेवणे, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, हे सांगायला कुणाला सवड झाली नाही. आम्ही त्यांना घरच्या लाकडी पलंगावर कापसाच्या गादीवर निजवले आणि बाराव्या दिवशी माकडहाडापाशी जखम दिसली. आई त्या जखमेचा दोष अजून स्वतःकडे घेते. तो तिचा नव्हता.

त्यानंतर मी ज्या संस्थेच्या दारात पहिल्यांदा गेले, तिचे नाव लिहून हे पत्र मला खराब करायचे नाही. नगरसेवकाची शिफारस आणा, शिधापत्रिकेची झेरॉक्स आणा, साहेब नाहीत, सोमवारी या, असे करत तिसऱ्या फेरीला मला समजले की कॉट घरी आल्यावर मागे संस्थेचा फलक धरून छायाचित्र काढले जाईल आणि त्यात पदाधिकाऱ्यांबरोबर रुग्णाचाही चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. इस्त्रीचा सदरा घातल्याखेरीज अण्णा आयुष्यात कधी छायाचित्राला उभे राहिले नव्हते. मी नकार दिला, आणि दुसऱ्याच दिवशी ती कॉट दुरुस्तीला गेल्याचे कळले. देणाऱ्याला प्रसिद्धी हवीच असेल तर त्याने स्वतःचे छायाचित्र खुशाल काढावे. त्यासाठी लघवीची नळी लावलेला माणूस शेजारी कशाला हवा?

आपल्याकडे मी संध्याकाळी सातला आले आणि रात्री साडेनऊला पाठ आणि गुडघे हँडलने वर करता येणारी फाउलर कॉट, हवेची गादी आणि तिचा पंप घेऊन आपला टेंपो आमच्या बोळाच्या तोंडाशी उभा होता. कागदपत्रांविषयी लिहिण्यासारखे काही नाही, कारण एक वही आणि एक सही याखेरीज काही नव्हतेच.

बोळ इतका अरुंद की कॉटचे भाग सुटे करून, कधी उभे तर कधी तिरके धरून आत आणावे लागले. जोडणी झाली. अण्णांना उचलण्यासाठी मी आणि माझे यजमान पुढे झालो, तोच आपल्यातला चष्मा लावणारा, वयाने सर्वांत लहान दिसणारा कार्यकर्ता म्हणाला, “थांबा ताई, एक मिनिट.” असे म्हणून तो स्वतःच त्या कॉटवर आडवा झाला. सोबत्याला त्याने हँडल फिरवायला सांगितले, पाठ वर करून पाहिली, गुडघे वर करून पाहिले, पुन्हा सपाट होऊन थोडा वेळ निश्चल पडून राहिला आणि नुसते डोळे फिरवून, मान न हलवता, काय काय दिसते ते पाहू लागला. आम्हाला वाटले, थकला असेल. मग तो उठून बसला आणि म्हणाला, “इथनं नुसती भिंतच दिसतीय की, ताई. कॅलेंडर हाय, पण माणसानं तारखा तरी किती बघायच्या?”

त्याने पुढचा प्रश्न मला विचारला नाही, हे मला विशेष लिहायचे आहे. झटका आल्यापासून डॉक्टर, परिचारिका, नातेवाईक, सगळे अण्णांविषयीचे प्रश्न आम्हाला विचारत होते. जेवले का, झोपले का, दुखते का, आणि ते समोर पडून ऐकत असत. हा मुलगा त्यांच्या उशाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “अण्णा, डोकं तिकडं करू का? खिडकीतनं समोरचा कारखाना दिसंल.” अण्णांचा डावा हात उचलला गेला. त्या हाताने ‘हो’ म्हटले हे आम्हा सर्वांना कळले. मग कपाट सरकवावे लागले, त्यामागची जळमटे काढावी लागली, पंपाची वायर पुरेना म्हणून दुसरा बोर्ड शोधावा लागला, आणि ज्या कामाला दहा मिनिटे पुरली असती त्याला रात्रीचे साडेदहा वाजले. आपल्यापैकी एकानेही घड्याळाकडे पाहिले नाही.

त्या खिडकीसमोर टॉवेलचा कारखाना आहे. पुढचे साडेचार महिने अण्णा त्या मागांचा आवाज ऐकत पडून असत. एखादा माग थांबला की त्यांचे बोट वर होई. ‘धागा तुटला’ असा त्याचा अर्थ, आणि किती बोटे वर त्यावरून कितवा माग, हेही आम्ही शिकलो. ही गोष्ट त्या कारखान्यात पोहोचली, आणि मग चहाच्या सुट्टीत कुणीतरी खिडकीशी येऊन विचारू लागले, “काय जॉबर, आज कितवा बंद होता?” अण्णा बोटे दाखवीत. ते चुकले असे कुणी कधी सांगितले नाही. खरेच चुकत नव्हते की ती माणसे चांगली होती, याचा मी छडा लावला नाही.

आपल्या इतर कामांची माहिती मला नंतर होत गेली. धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूर अशा ठिकाणांहून सोलापुरात उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना आपण डबे पोहोचवता. रक्तदात्यांची गटवार यादी आपण भिंतीवर लावली आहे आणि प्रत्येकापुढे मागील रक्तदानाची तारीख आहे, कारण पुरुषाला ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावे लागते. वाढदिवसांच्या निमित्ताने एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा करणारी शिबिरे आपल्या शहरात कमी नाहीत. पण प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, आणि डेंगीच्या दिवसांत भर रात्री ज्याला त्या हव्या असतात त्याला ते शिबिर नव्हे, आपली यादी उपयोगी पडते. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आपण सगळे पाणी आणि गर्दी सांभाळण्यात गुंतलेले असणार, म्हणून पंप बंद पडला तेव्हा फोन करायला मी कचरत होते. तरी केला, आणि अक्षता सोहळ्याच्या संध्याकाळी आपल्यातील एक जण कपाळाच्या भस्मासह पंप बदलून गेला.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु परक्या माणसाच्या अंथरुणावर पडून, त्याला काय दिसेल ते पाहण्याची बुद्धी ज्याला होते, त्याची जात मला तीच वाटते. हे वाचून तो चष्मेवाला मुलगा लाजेल. लाजू द्या.

आता शेवटचे, थोडे कामाचे. कॉट आल्याच्या तिसऱ्या दिवशी पाठीचे हँडल करकरू लागले. तो मुलगा तेल घेऊन आला, तेव्हा अण्णांनी हाताने नको म्हटले आणि कपाटाखालच्या त्यांच्या हत्यारांच्या पेटीकडे बोट दाखवले. त्यात ग्रीसचा डबा होता. त्यांच्या नजरेच्या इशाऱ्यावर त्याने ग्रीस लावले, आणि जास्त घेऊ लागताच अण्णा मोठ्या कष्टाने बोलले, “थोडं. सूत काळं होतं.” कॉटवर सूत नव्हते, पण तो मुलगा “बरोबर, अण्णा” म्हणाला आणि बोटावरचे जास्तीचे ग्रीस त्याने पुसून टाकले.

नळाला पाणी आले त्या दिवशी आम्ही कॉट धुतली, उन्हात वाळवली, आणि परत पाठवताना तो डबा एका पिशवीत घालून खालच्या पट्टीला बांधला. आपल्या तो लक्षात आला नसेल, तर पाहावा. पाठीच्या हँडलला महिन्यातून एकदा लावावे लागते. थोडेच लावावे.

आपली,
जॉबर अण्णांची मुलगी
भवानी पेठ, सोलापूर