परराष्ट्र मंत्रीसाहेब, माझ्या भावाचा इकामा कधी निघणार?

मा. परराष्ट्र मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

परवा मोबाईलवर मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. माय लगेच देवापुढे दिवा लावायला उठली. मी तुमच्या खात्याचं तक्रारीचं पोर्टल उघडून बघितलं तर आत एकच ओळ, कंपनीशी संपर्क साधला, प्रक्रिया चालू आहे. बस, एवढंच. भाऊ तिकडे सौदीत तसाच, इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना नाही, पगार नीट नाही, आणि तुमच्या कागदावर प्रश्न सुटला. याला निकाली काढणं म्हणतात का?

माझा लहाना भाऊ वेल्डर आहे. शिक्षण नववी, जळगाव एमआयडीसीत दुसऱ्याच्या हाताखाली राहून काम शिकला. सौदीला दम्मामकडे पाईपलाईनच्या कामावर गेला. नियमाने गेला हे मुद्दाम सांगतो, कारण कुठेही फोन लावला की पहिला प्रश्न तोच, व्हिजिट व्हिसावर गेला का, कोणाच्या मार्फत गेला. दहावी नाही म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीआरवाला, आणि १९८३ च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला १८ देशांमध्ये कामाला जायचं तर तुमच्या खात्याची मंजुरी लागते, ती घेतली. करार ई-मायग्रेट या तुमच्या सरकारी पोर्टलवर चढवलेला आहे, पगाराचा आकडा, कंपनीचं नाव, विमा सगळं त्यात आहे. एजंटाने ३० हजार अधिक जीएसटी अशी सरकारी दराची पावती दिली आणि वरचे लाखभर रोख घेतले, आम्ही वावर गहाण ठेवलं. हे असंच चालतं हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, तुमच्या खात्याला माहीत नसेल हे मी मानत नाही.

तिकडचा कायदा चांगला आहे म्हणे. माणूस उतरला की ९० दिवसांत कंपनीने इकामा काढून द्यायचा, फी कंपनीने भरायची, उशीर झाला तर दंडही कंपनीनेच भरायचा. पण इकाम्याचे वर्षाला ६५० रियाल आणि वर्क परमिटवरचा कर महिन्याला ७००-८०० रियाल, म्हणजे एका माणसामागे वर्षाला नऊ-दहा हजार रियाल, ते वाचवायचे म्हणून कंपनी आज करतो उद्या करतो करू राहिली आणि काम मात्र रोज करून घेऊ राहिली. ९० दिवस केव्हाच उलटले.

इकामा नाही म्हणजे काय ते दिल्लीत बसून कळणार नाही. बँकेत खातं उघडत नाही, म्हणून पगार हातात आणि तोही तुकड्या-तुकड्याने. घरी पैसे पाठवायचे तर दुसऱ्याचे पाय धरायचे. कॅम्पच्या बाहेर पडायची भीती. ग्राइंडिंग करताना त्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला, दवाखान्यात काउंटरवर इकामा नंबर विचारला, नाही म्हटल्यावर विमा दिसत नाही, रोख भरा. रात्रभर ओलं फडकं डोळ्यावर धरून बसला, सकाळी खोलीतल्या एका केरळच्या माणसाने पैसे भरले तेव्हा कण निघाला. नंतर कितीतरी दिवस व्हिडिओ कॉलवर तो मोबाईल असा तिरपा धरायचा की मायला एकच डोळा दिसावा. माय विचारायची तुझं अर्धंच तोंड का दिसतं रे, तो म्हणायचा नेटवर्क नाही. मला माहीत होतं आणि मी मायजवळ बसून गप्प होतो, त्या वेळी जिवाला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

कंपनी सोड म्हणून सगळे सांगतात. २०२१ पासून तिकडे नियम आहे, तीन महिन्यांत परमिट नाही काढलं तर कामगार कंपनीला न विचारता दुसरीकडे जाऊ शकतो. पण ते करायचं तिकडच्या सरकारी ॲपवर, आणि ॲपमध्ये लॉगिन करायला इकामा नंबर लागतो! शिवाय जास्त बोलला तर हुरूब लावू अशी धमकी, म्हणजे पळून गेलेला कामगार अशी नोंद, मग पकडलं की जेल.

आणि सरकारला जमत नाही असं सांगू नका. १९९० मध्ये कुवेत-इराकमधून पावणेदोन लाखाच्या आसपास माणसं याच देशाने विमानाने आणली. २०१६ मध्ये जेद्दाहला कंपनीने पगार थकवून हजारो भारतीय कामगार अडकवले तेव्हा तुमच्याच खात्याचे राज्यमंत्री स्वतः तिथे गेले होते. मग माणसं हजारांनी अडकून टीव्हीवर दिसल्याशिवाय जागचं हलायचंच नाही असं ठरलंय का?

२०२४-२५ मध्ये बाहेर काम करणाऱ्यांनी देशात १३५ अब्ज डॉलर पाठवले, भाषणात तुम्ही लोक हा आकडा अभिमानाने सांगता. त्यात माझ्या भावासारख्यांचा घाम आहे. तो हौसेने गेला नाही. आमच्या अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसरे धरण नव्वदच्या दशकात सुरू झालं, आमची अख्खी तरुणाई गेली, ते अजून पूर्ण नाही. पाणी डोळ्यासमोरून गुजरातकडे जातं आणि त्याच्या मागे आमची माणसं पण जातात, नंदुरबारचे आदिवासी बांधव बारडोलीकडे ऊस तोडायला, आमची पोरं सुरतला, आणि ज्याच्याकडे गहाण ठेवायला वावर आहे तो आखातात. इथे पाणी द्यायचं नाही, काम द्यायचं नाही, आणि बाहेर गेला की त्याचं तो बघेल. मत मागायला मात्र सगळे पक्ष दारात येतात, त्यात तुमचा-दुसऱ्याचा असा फरक मी करत नाही.

साहेब, माणूस तुमच्या मंजुरीने जातो तर ९० दिवस झाल्यावर इकामा निघाला का हे तुमच्या खात्याने स्वतःहून विचारायला पाहिजे, घरच्यांनी तक्रार करायची वाट बघायची नाही. ज्या कंपनीने जुन्या कामगारांचे इकामे काढले नाहीत तिला नवीन माणसं द्यायची बंद करा, मग बघा कशी फी भरत नाही. एजंटाकडून तुम्ही ५० लाखांची बँक गॅरंटी घेता, ती कशासाठी घेता, त्यातून अडकलेल्याचं तिकीट काढा. आणि कंपनीचं उत्तर आलं म्हणून तक्रार बंद करू नका, प्रश्न खरंच सुटला का हे कामगाराला फोन करून विचारा, त्याचा नंबर फॉर्मवर आहे.

माझ्या भावाची तक्रार मी आज परत टाकली आहे. करार, पासपोर्टची प्रत, डोळ्याचा दवाखान्याचा कागद, सगळं जोडलंय. त्याला एक तर इकामा द्या नाहीतर घरी आणा, आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लेखी कळवा.

आपला,
अमळनेर तालुक्यातला एक शेतकरी