पेन्सिलीनं लिहिणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही हे माहितेय. कॉलेजचंही टाकत नाही, कारण खाली थोडं वाकडं लिहिणार आहे. बीड जिल्ह्यातलं एक कॉलेज, तुम्ही तिथं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशावर, मराठीला होतात, आणि मी तिसऱ्या बाकावरचा, वर्गात कधी तोंड न उघडणारा पोरगा. एवढ्यावर ओळखलं तर ओळखलं.

परवा गावातल्या एका काकांना विहिरीच्या कामाचा अर्ज लिहून दिला. ग्रामसेवकानं वाचला आणि विचारलं म्हणे, कुणी लिहिला हो, पहिल्याच ओळीत कळलं काय पाहिजे ते. काका घरी येऊन कौतुकानं सांगून गेले, आई चहा टाकत होती, आणि मला एकदम तुमची आठवण आली. रात्री झोपच लागंना. तुम्ही गेलात तेव्हा मी साधं थँक्यू पण म्हणलो नव्हतो, म्हणून आता बसलोय लिहायला.

तुमच्याकडं यायच्या आधी मी जे लिहायचो त्याला लिहिणं म्हणावं का हाच प्रश्न आहे. दहावीला माझा 'पावसाळ्यातील एक दिवस' तोंडपाठ होता. त्यात मी खिडकीत बसून गरमागरम कॉफी पीत पाऊस बघतो. आमच्या घराला तेव्हा खिडकी नव्हती, कॉफी मी कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा प्यायलो, आणि आमच्याकडं पाऊस किती पडतो ते काय सांगायचं. मार्क मात्र चांगले पडले.

कॉलेजात आलो तर तिथंही तेच, फक्त पाठ करायच्या ऐवजी डिक्टेशन. एक सर होते, परमनंट, पिवळ्या पडलेल्या नोट्स घेऊन यायचे आणि स्वल्पविराम, पूर्णविरामासकट सांगायचे. एकदा तास संपला तेव्हा ते म्हणले 'उरलेलं उद्या', तर निम्म्या वर्गानं तेपण लिहून घेतलं. खोटं नाही सांगत, एकानं परीक्षेतपण लिहिलं. पेपर सुटला की पोरांचा प्रश्न एकच, किती पुरवण्या घेतल्या? चार म्हणलं की बाकीचे गार. कुणी विचारलं नाही की बाबा त्या चार पुरवण्यांत लिहिलंय काय. मी एकदा हिंमत करून एक उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर सर म्हणले, "जास्त डोकं लावू नको, मार्क जातील." माझं वाईट व्हावं म्हणून नसतील म्हणले, पण त्यानंतर दीड वर्ष मी डोकं लावलं नाही हेही खरंय.

मग दुसऱ्या वर्षाला तुम्ही आलात, आणि तो प्रकल्प. विषय आपल्या भागातला घ्या म्हणलात, मी ऊसतोड कामगार घेतला, कारण गुगलवर भरपूर मिळंल असं वाटलं. घरात आईबाप दोघं कोयत्यावर, दरवर्षी दिवाळी झाली की गाव अर्धं रिकामं होतं, मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल, कारखान्यावरची कोपी म्हणजे झोपडी, लहानपणी दोन हंगाम मी स्वतः तिथं काढलेत, आणि मी माहिती शोधतोय गुगलवर! पहिलंच वाक्य होतं, 'आजच्या विज्ञानयुगात ऊसतोड कामगार हा महाराष्ट्राच्या साखर उद्योगाचा कणा आहे.' लई भारी वाटलं होतं लिहिताना.

वही परत आली तेव्हा मी आधी लाल खुणा शोधल्या. एकपण नव्हती. मला वाटलं वाचलीच नाही. मग उजेडात धरली तर समासात बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'कणा दुखतो का?'

बास. एवढंच. पुढच्या पानावर 'कोयता म्हणजे दोन माणसं हे बाहेरच्याला माहीत नसतं, सांग.' त्याच्या पुढं 'पहाटे म्हणजे किती वाजता?' आणि सगळ्यात शेवटी, 'पटलं नाही तर खोडून टाक, म्हणून पेन्सिल वापरली आहे.' आणि वहीत स्टेपल केलेल्या कागदाच्या पुडीत अर्धा खोडरबर. अर्धा! तुमच्याकडचाच मोडून दिला असणार.

मॅडम, हे तुम्हाला आठवतही नसंल. पण आमच्या शाळेत लाल पेन म्हणजे कोर्टाचा निकाल होता, त्याच्यावर अपील नाही. आणि इथं एक शिकलेली बाई मला म्हणतीय की माझं म्हणणं खोडायचा तुला हक्क आहे. मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन बसलो तासभर. 'कणा दुखतो का' हे वाचून मला आईची पाठ दिसली, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढताना, आणि लाज वाटली की ते सगळं सोडून मी विज्ञानयुग लिहिलं. सगळा प्रकल्प परत लिहिला. तुमचं एक अक्षर खोडलं नाही. खोडरबर अजून आहे माझ्याकडं, घट्ट झालाय आता.

शुद्धलेखनाची पण मला धास्ती होती, ऱ्हस्व-दीर्घ म्हणलं की पोटात गोळा. तुम्ही म्हणलात आधी लिही, मग बघू. आणि मग एक दिवस माझ्याच प्रकल्पातनं शिकवलंत. ऊस दीर्घ, पण उसाला, उसाचा, उसात ऱ्हस्व. जसं मूल-मुलाला, तूप-तुपाला. मी म्हणलं होतं, म्हणजे ऊस उभा हाय तोवर ऊ मोठा, प्रत्ययाचा कोयता लागला की छोटा. तुम्ही इतक्या हसलात की बाजूच्या वर्गातले सर डोकावून गेले. ते नियम एकूण १८ आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे, हेही तेव्हाच कळलं. शाळेतली दहा वर्षं मला वाटत होतं दहा हजार असतील. आणि माणसाच्या तोंडचं बोलणं त्याच्या बोलीत लिहिलेलं चालतं, हेपण त्याच नियमांत बसतं हे तुम्ही दाखवलंत, तेव्हा आई माझ्या प्रकल्पात पहिल्यांदा आईसारखी बोलली.

मी एकटाच नाही. आपल्या बॅचचा तो उंच पोरगा आठवतो का, 'लिहून काय करायचंय मॅडम' म्हणायचा? २०२३ ला पुण्यात एमपीएससीची वर्णनात्मक परीक्षा आत्ताच नको म्हणून आंदोलन झालं, त्यात हा पुढं होता. ती २०२५ पासून लागू झालीच, निबंधाचा पेपर २५० मार्कांचा. आता रात्री अकराला फोन करतो आणि निबंध वाचून दाखवतो. तुमचंच वाक्य पाठ झालंय त्याला, 'मोठ्यानं वाच, दम लागला तिथं वाक्य तोड.' (मला ते अजून जमत नाही, दिसतंच आहे.) खिडकीजवळ बसणारी ती, लग्न होऊन गेली, तिनं सासरच्या गावात बचत गटाचं सगळं लिहिणं हातात घेतलंय. बँकेत तिचंच पत्र जातं.

हे सगळं तुमच्या तासात बसत नव्हतं हे तेव्हा कळलं नाही. तुम्हाला पैसे तासावर. वह्या घरी नेऊन वाचायचे काही नाही. आणि जे मिळायचं तेपण कैक महिने अडकायचं, ते आम्हाला ऑफिसातल्या शिपायाकडनं कळलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. पूर्ण पगारवाल्यांना तीन वर्षांत माझं नाव कळलं नाही, आणि तुम्हाला माझ्या आईच्या पाठीची काळजी. मला वाटतं गावोगाव अशी माणसं असतात म्हणून चाललंय. आमच्या रात्रीच्या एसटीचा एक कंडक्टर होता, मी झोपलो की फाट्यावर बरोबर उठवायचा, त्याच्या ड्युटीत नव्हतं ते. मेसच्या मावशी परीक्षेत एक भाकरी जास्त टाकायच्या आणि वर ओरडायच्या पण. यांना कुणी बक्षीस देत नाही. सेमिस्टर संपली आणि पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरंच कुणी आलं, तुम्ही कुठं गेलात तेही नोटीस बोर्डावर लागलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. प्रकल्प नवा लिहिला तेव्हा आई कारखान्यावर होती. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, घरी आली तेव्हा मी तिला वाचून दाखवला. तुम्ही विचारलं होतं ना पहाटे म्हणजे किती वाजता, तर मी 'तीन वाजता' लिहिलं होतं. आई ऐकत होती, ज्वारी निवडत, मध्येच म्हणाली, "तीन नाय रं. दोन. तीनला तर आमी फडात असतोय." मी पेन्सिल काढली आणि तीनच्या डोक्यावर दोन लिहिलं. तिनं बघितलं, म्हणाली पेन्सिल कशाला? मी म्हणलं, मॅडमनी शिकवलंय, पटलं नाही तर खोडता येतं.

आई म्हणाली, "दोनला उठती मी. ह्यात खोडायचं काय हाय? पेनानं लिही."

पेनानं लिहिलंय, मॅडम.

तुमचा,
तिसऱ्या बाकावरचा