ज्यूरीसाठी आलेल्यांचा वेळ

महोदय,
इथे मॅसॅच्युसेट्समध्ये ज्यूरीसाठी, म्हणजे खटल्यात निकाल द्यायला बोलावलेल्या सामान्य नागरिकांसाठी, ‘एक दिवस किंवा एक खटला’ हा नियम आहे. निवड झाली नाही, तर त्याच दिवशी मोकळे. पहिले तीन दिवस पगार कंपनी देते, चौथ्यापासून सरकार रोज ५० डॉलर. पद्धत चांगलीच आहे. तरीही माझ्या वेळी आम्ही सगळे दुपारपर्यंत नुसते बसून होतो. आरोपीने ऐनवेळी गुन्हा कबूल केला, मग ज्यूरीची गरजच उरली नाही. शेजारी बसलेल्या बाई तान्हं बाळ बहिणीकडे ठेवून आल्या होत्या. उद्या यायचे की नाही, हे आदल्या दिवशी फोनवर कळते. मग कबुलीची मुदतही तेव्हाच संपवावी. भारतात १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्यूरी गेली, पण तारखेमागून तारीख कोर्टाच्या बाकावर ताटकळणाऱ्या साक्षीदारांनाही असा फोन आदल्या दिवशी का जाऊ नये?
— एक वाचक, बॉस्टन