ठमीची गाडी

प्रिय मन्या,

तुझं पत्र पोचलं. दोन ओळी खुशालीच्या आणि मग थेट, ‘त्या कुत्रीचं पुढे काय करणार आहेस?’ हे असं तूच विचारू जाणे. बाकीचे आडून आडून विचारतात आणि मनात त्यांच्या एवढंच असतं, की झोपवून टाका बिचारीला एकदाची. तू ते स्पष्ट लिहिलंस म्हणून राग आला नाही. उत्तर मात्र लांबलचक देणार आहे, निवांत असशील तेव्हा वाच.

ठमी मजेत आहे. तिच्या लुळ्या मागच्या पायांसाठी तिला चाकांची गाडी मिळाली. पण मिळाली म्हणजे दुकानात गेलो आणि घेऊन आलो, असं मुळीच झालं नाही.

प्राण्यांच्या निवाऱ्यातून तिला घरी आणली तेव्हा अपघाताला बरेच महिने होऊन गेले होते. कंबरेजवळचा मोडलेला मणका जुळून आला होता, पण मज्जारज्जूचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आमच्या डॉक्टरबाईंनी चिमट्यानं तिच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. तिनं पाय झटकन आखडून घेतला. मी खूष! बाई म्हणाल्या, ‘पाय बघू नका, तोंड बघा.’ पुन्हा दाबलं. पाय पुन्हा आखडला, पण ठमीचं सगळं लक्ष भिंतीवरच्या पालीवर. पाय आखडणं हा मज्जारज्जूचा खालच्या खाली चाललेला व्यवहार असतो म्हणे. दुखल्याची खबर मेंदूपर्यंत गेली असती तर तिनं मान वळवली असती, कुरकुरली असती, निदान पालीचा नाद तरी सोडला असता.

तेव्हा ‘तिला किती यातना होत असतील’ या तुझ्या वाक्याला हे माझं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं तू इथे येऊन बघ. बेल वाजली की ही बाई पुढच्या दोन पायांवर मागचं सगळं धूड ओढत दारापर्यंत माझ्याआधी पोचते. खरी काळजी तीच होती. मागच्या पायांना स्पर्श कळत नाही, त्यामुळे पंजे उलटे घासले जातात, कातडी सोलवटते, रक्त येतं आणि हिला पत्ताच नसतो.

गाडीचा विषय मी काढला तेव्हा बाईंनी आधी पुढचे पाय तपासले. खांदे, कोपर, मनगटं, सगळं वाकवून-ताणून पाहिलं. कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन असंही पुढच्या पायांवरच असतं. मागे दोन चाकांची गाडी लावायची तर तिला ओढणारं इंजिन तेच. ते कमजोर असेल तर चार चाकांची गाडी लागते. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याचा एक आजार असतो, जर्मन शेफर्डमध्ये बराच दिसतो. त्यात सुरुवात मागच्या पायांपासून होते आणि पुढे पुढचेही जातात. अशा कुत्र्यासाठी पुढची चाकं नंतर जोडता येतील अशीच गाडी बघावी लागते. आणि मणक्याची दुखापत ताजी असेल, डॉक्टरांनी हलू द्यायचं नाही असं सांगितलं असेल, तर गाडीचं नावच काढायचं नाही. ठमीचं या कशातच अडत नव्हतं. तिचे खांदे पैलवानी आहेत, इतके दिवस तिनं दुसरं केलंय काय?

मग शोध सुरू झाला. एका विक्रेत्यानं फोनवर एकच प्रश्न विचारला, ‘वजन किती?’ सांगितलं. ‘मग मीडियम.’ झालं काम! अरे, तेवढ्याच वजनाचं आखूड पायांचं, लांब पाठीचं कुत्रं असतं, आणि तेवढ्याच वजनाची आमची उंचाडी, रुंद छातीची, कंबर नसल्यात जमा. दोघांना एक गाडी कशी चालेल? मी ‘उंची नको का सांगायला?’ म्हटलं तर साहेब म्हणाले, पट्टे कमीजास्त होतात ना. पट्टे होतात, सांगाडा होत नाही.

दरम्यान निवाऱ्यातल्या ओळखीनं एक वापरलेली गाडी आली. त्या घरातलं कुत्रं गेलं होतं आणि त्यांना गाडी डोळ्यांसमोर नको होती. पट्ट्यांवर अजून पांढरे केस होते. धुऊन, तेलपाणी करून ठमीला घातली तर मागून इतकी रुंद, की ती डावीकडे जायची आणि गाडी तिच्या मागोमाग जरा विचार करून यायची. पण त्या गाडीनं एक फायदा झाला. काय काय मोजायचं ते तिच्यावरून कळलं.

हे मोजमाप प्रकरण तुला आवडेल. मागचा पाय पोटाला जिथे मिळतो तिथली कातडीची घडी असते ना, तिथून जमिनीपर्यंतची उंची हे मुख्य माप. मग पुढच्या पायाच्या मागून कुल्ल्यापर्यंतची लांबी, कुल्ल्यांची सगळ्यात जास्त रुंदी, छातीचा घेर आणि वजन. लिहायला सोपं आहे. करायचं म्हणजे एकानं तिच्या पोटाखालून टॉवेल घालून तिला उभी धरायची, दुसऱ्यानं टेप लावायची, आणि तिसऱ्यानं टेप तिच्या तोंडातून सोडवायची. टॉवेल जरा ढिला पडला की उंची कमी भरते. जरा ताणला की पाठ वर जाऊन जास्त भरते. शेवटी तिला कुशीवर निजवून, पाय सरळ करून तेच माप पुन्हा घेतलं आणि दोन्ही जुळेपर्यंत सोडलं नाही. आई म्हणाली, माझ्या ब्लाउजचं माप कुणी एवढ्या निगुतीनं घेतलं नाही.

तू सुचवलेली पीव्हीसी पाइपची गाडीही बघून झाली होती. त्यात वाईट काही नाही. लहानखुऱ्या, हलक्या जिवाला, किंवा कुत्रं गाडी स्वीकारतंय का हे बघायला ती उत्तम. पण ठमीसारखी धावणारी असली की पाइप वाकतो, आणि सांधे चिकटवून टाकले की मग अर्धा इंच इकडे-तिकडे करायचं म्हटलं तर करवतच घ्यावी लागते. आणि गाडीत सगळी गंमत त्या अर्ध्या इंचाची आहे. म्हणून मी अॅल्युमिनियमच्या, मापाप्रमाणे बनवून मिळणाऱ्या आणि वर थोडी सरकवता येणाऱ्या गाडीवर आलो. हे वेड काही नवं नाही बरं का. लिंकन पार्क्स नावाच्या अमेरिकन पशुवैद्यानं १९६१ मध्येच कुत्र्यांच्या गाड्या बनवायला सुरुवात केली होती. पुढे १९८९ मध्ये एड ग्रिनेल या इंजिनिअरनं आपल्या डॉबरमन कुत्रीसाठी घरीच एक बनवली आणि त्याचा पुढे तोच धंदा झाला. तुझ्यासारख्याच्या हातात हे काम पडलं असतं तर तूही नोकरी सोडली असतीस, म्हणून आधी सांगितलं नाही.

गाडी आली तेव्हा तिच्यासोबतचा कागद बाजूला ठेवून मी आधी चाकांचा आस बघितला. तू म्हणतोस तसं, सगळं आसावर असतं. चाकं फार मागे गेली की भार पुढे येतो आणि खांद्यांवर पडतो. फार पुढे आली की पुढच्या दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा काचतो. ठमीला आत उभी करून पुढची दांडी दोन बोटांनी उचलून पाहायची. जेमतेम वजन लागलं तर जमलं. पाठ बाजूनं बघितल्यावर जमिनीला समांतर हवी, मागून उतरती नको आणि चढती तर नकोच. चाकं खालच्या बाजूला जराशी बाहेर फाकलेली आहेत, वळणावर कलंडू नये म्हणून. मागे एक खोगिरासारखी झोळी असते, तिला दोन भोकं, त्यातून मागचे पाय घालायचे. पाय थोडेफार हलवू शकणारं कुत्रं असेल तर पंजे जमिनीला लागू द्यायचे, व्यायाम होतो. ठमीचे नुसते झटके येतात, म्हणून रस्त्यावर तिचे पंजे मागच्या दोरीच्या फासांत वर अडकवतो आणि गवतावर सोडतो.

आणि पहिल्या दिवशी एवढी सगळी तयारी करून, गाडी चढवून, खाऊ हातात घेऊन मी समोर बसलो, तर ही पुतळा! कान मागे, डोळे माझ्याकडे, एक पाऊल नाही. मी खाऊ पुढे धरला, तिनं मान लांब केली, खाऊ खाल्ला आणि परत पुतळा. मग एकदम दोन पावलं उलटी मागे गेली, चाकं हलल्याचा आवाज झाला, स्वतःच दचकली. मला वाटलं, गेली गाडी कोपऱ्यात. तेवढ्यात कुंपणावरून मांजर उतरलं. पुढचं काय सांगू? मी तिच्यामागे, ती मांजरामागे, कोपऱ्यावर एक चाक हवेत, आणि धाडकन आडवी. लागलं काही नाही. उचलून उभी केली तर मांजर कुठे गेलं ते शोधायला लागली. त्या दिवसापासून गाडी दिसली की शेपटीच्या मुळाशी काहीतरी हलतं. डॉक्टरबाई म्हणतात तोही झटकाच आहे. म्हणू देत.

तिला अजून आपल्या मागच्या रुंदीचा अंदाज येत नाही. दाराच्या चौकटीला रोज एक ठोकर असते. चौकटीचा रंग गेला, आईनं बोलणं सोडलं.

लोकांना वाटतं गाडी आली म्हणजे प्रश्न सुटला. गाडीत कुत्र्याला धड बसता येत नाही, आडवं तर होताच येत नाही, त्यामुळे सुरुवातीला दहा मिनिटं आणि आता सवय झाल्यावरसुद्धा फार तर अर्धा तास, तोही माझ्या डोळ्यांदेखत. उतरवली की आधी काखेत, मांड्यांच्या आतून, पट्टे लागतात तिथे कातडी लाल झालीय का ते बघायचं. उरलेला सगळा दिवस गाडीबाहेरचाच. तिला लघवीची जाणीव नाही, म्हणून मूत्राशय आपण रिकामं करायचं, दिवसातून तीन-चार वेळा. मला वाटलं होतं हे आपल्याच्यानं होणार नाही. बाईंनी माझे दोन्ही तळवे तिच्या मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना ठेवले आणि म्हणाल्या, शोधा. आणि आतमध्ये पाण्यानं भरलेला फुगा असावा तसं काहीतरी हाताला लागलं. हलकेच, एकसारखं, मागच्या बाजूला दाबत राहायचं. धक्का द्यायचा नाही, धार थांबली तरी लगेच सोडायचं नाही. आत थोडी थोडी शिल्लक राहिली की संसर्ग होतो. वास बदलला, गढूळ दिसली की नमुना घेऊन पळायचं. आता मी ते बोलता बोलता करतो. परवा तर फोनवर हप्त्याबद्दल वाद घालत करत होतो.

बाकी अंथरूण जाड, कूस बदलत राहायची, हाडं टेकतात तिथे जखम होऊ द्यायची नाही. घरात ओढत फिरताना मागून गुळगुळीत कापडाची पिशवी घालतो. वजन वाढू द्यायचं नाही, कारण प्रत्येक जादा घास पुढच्या दोन पायांनी ओढायचा असतो. हे आईला पटवणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे.

बाहेर निघालो की लोक दोन प्रकारचे भेटतात. एक ‘अरेरे’वाले. दुसरे मोबाइल काढणारे. त्यांना ठमीपेक्षा माझा डोळ्यांत पाणी आलेला चेहरा हवा असतो आणि तो काही मी देत नाही. लहान मुलं बरी. एकानं विचारलं, ‘हिला ब्रेक कुठेय?’ मन्या, प्रश्न रास्त आहे. उतारावर गाडी तिला मागून ढकलते आणि पुढचे पाय फार भराभर टाकावे लागतात. सध्या मी मागची दांडी धरून चालतो. यावर काही सुचतंय का बघ.

ती जुनी रुंद गाडी निवाऱ्याला परत दिली. तिथे एक थोराड कुत्रा आला आहे, त्याला ती बसते असा निरोप आला, पट्टे तेवढे बदलावे लागले.

झोपवण्याबद्दल तू लिहिलंस, तर तेही सांगून टाकतो. डॉक्टरबाईंशी माझं बोलणं झालेलं आहे. खाणं सुटलं, जखमा भरेनाशा झाल्या, संसर्ग औषधांना दाद देईनासा झाला, किंवा बेल वाजल्यावर ती दाराशी आलीच नाही, तर मी ताणणार नाही. आज यातलं काहीही नाही. आज तिनं माझी चप्पल पळवली आहे, म्हणून हे पत्र अनवाणी लिहितोय.

पुढच्या महिन्यात येतो आहेस ना? येताना तुझा अॅलन कीचा संच आण, बारीक मापांचा. डावं चाक किंचित कुरकुरतंय. मला वाटतं बेअरिंगमध्ये केस गेलेत, पण खोलायला माझ्याकडची एकही चावी बसत नाही. आणि ब्रेकचं तेवढं डोक्यात ठेव.

वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझा,
दिग्या