बरोबरीत सुटलेला डाव

हॅम्बुर्ग

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बडोद्याहून पाठवलेले बाळूच्या बुद्धिबळाच्या डावाच्या स्कोअरशीटचे, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदाचे, फोटो मिळाले. त्याचे अक्षर थेट तुमच्यावर गेले आहे. पण त्याने शेवटपर्यंत सगळ्या चाली नीट लिहिल्यामुळे संपूर्ण डाव मला इथे पटावर मांडून पाहता आला. ‘जिंकलेला डाव घालवला’ हे तुमचे म्हणणे मात्र मला मान्य नाही.

शेवटी पांढरी मोहरी खेळणाऱ्या बाळूकडे राजा, हत्ती आणि ई-पट्टीवरचे (पटाच्या मधल्या एका उभ्या ओळीतले) एक प्यादे होते, तर समोरच्या मुलीकडे नुसते राजा आणि हत्ती. दांडिया बाजारात ओट्यावर पट मांडणाऱ्या कोणालाही हा डाव पांढऱ्याचाच वाटला असता. परंतु तिने राजा प्याद्याच्या वाटेत ठेवला आणि हत्ती बाळूच्या बाजूने सहाव्या रांगेत आडवा लावला, त्यामुळे बाळूच्या राजाला पुढे सरकता येईना. कंटाळून त्याने प्यादे ई6 वर, म्हणजे त्याच ओळीतल्या सहाव्या घरात, ढकलताच तिने हत्ती थेट पहिल्या रांगेत नेला आणि मागून शह द्यायला सुरुवात केली. ज्या घरात राजाला आडोसा मिळाला असता, तिथे आता त्याचेच प्यादे बसले होते, म्हणून डाव बरोबरीत सुटला.

हा बचाव फिलिडोर या फ्रेंच संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या ग्रंथाच्या 1777 च्या आवृत्तीत तो आहे. घड्याळात जेमतेम वेळ उरला असताना तो अचूक खेळणे सोपे नव्हे. ‘एका मुलीने अडवले’ असे तुम्ही लिहिता. पण दादा, 2024 मध्ये आपल्या जवळच्या गांधीनगरलाच नागपूरच्या दिव्या देशमुखने मुलींचे कनिष्ठ जगज्जेतेपद मिळवले आणि पुढच्या वर्षी महिला विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली.

खरी संधी 34 व्या चालीला होती. तेव्हा हत्तींची मारामारी (हत्तीला हत्ती देऊन अदलाबदल) करता येत असताना बाळूने घोड्यांची अदलाबदल केली. एका प्याद्याची आघाडी हत्तींच्या अंतिम डावात पुष्कळदा पुरत नाही, घोड्यांच्या डावात बहुधा पुरते. हे त्याला कोणी शिकवलेले दिसत नाही. सिसिलियन या ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) चाली तेवढ्या पाठ आहेत!

म्हणून वहिनी, ओपनिंगचा नवा कोर्स तूर्त लावू नये. रात्री जेवणे आटोपल्यावर हीच स्थिती मांडून दादांनी पांढरी मोहरी घ्यावीत, बाळूने काळी. ई6 ची घाई दादाही करतील, अशी माझी खात्री आहे.

ती. आईंना नमस्कार, चि. बाळूस आशीर्वाद.

आपला,
धाकटा भाऊ